गोठ्याची जमीन

पीथमपुरात 'शेड' हा शब्द सर्वांच्या तोंडी असतो. अमक्या कंपनीची शेड, भाड्याने द्यावयाची शेड, बंद पडलेली शेड. महूहून घाटाबिल्लोदकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना पत्र्याची छपरे पसरलेली दिसतात. १९८०च्या दशकात धार जिल्ह्यातल्या या लहानशा गावाभोवती औद्योगिक वसाहत उभी राहू लागली. कायनेटिक होंडा, बजाज टेंपो, आयशर ही नावे त्या काळात आपल्या घरांत नित्याची झाली. पुण्या-पिंपरीकडील कित्येक मराठी कुटुंबे नोकरीपायी इकडे आली आणि इंदूर, देवास, धार येथील आपल्या घरांतली मुलेही येथल्याच पाळ्यांवर उमेदवारी करून मोठी झाली. गुरे चरावयाची तो माळ आता ओळखू येत नाही. मोटारींची चाचणी घेण्यासाठी सव्वाअकरा किलोमीटरहून थोडा अधिक लांबीचा वाटोळा मार्ग येथे झाला असून २०२१ मध्ये तो सुरू झाला.

इंदूरहून धारला जावयाचे तर सरळ रस्ता सोडून इकडे येण्याचे कारण नाही. आम्ही उभयतांनी तो मुद्दाम धरला, कारण गेली दोन वर्षे आम्हांला जुने गोठे पाहण्याचा नाद लागला आहे. राजवाडे, छत्र्या आणि घाट पाहणारे पुष्कळ आहेत. त्यांवर पुस्तके आहेत, त्यांच्या दुरुस्तीसाठी समित्या आहेत. गोठा पाहावयास आलो आहोत असे सांगितले की यजमान प्रथम हसतात, मग थोडे लाजतात आणि "तिथे काय पाहायचे?" असे म्हणून चहा पुढे करतात.

आता पीथमपुरातल्या कारखान्यांचा गोठ्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध निकटचा आहे. लोखंडी कैच्या, त्यांवर नालीदार पत्रा, मध्ये भिंत नाही, हवेसाठी आढ्याशी उघडी फट, ही जी बांधणी आज कारखान्याची म्हणून ओळखली जाते, ती एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडात यंत्रांवर जशी छप्पर धरीत होती तशीच जनावरांवरही धरीत होती. नालीदार पत्र्याचे पेटंट १८२९चे आहे. राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीत, म्हणजे १८३७ ते १९०१ या काळात, इंग्लंडातील मोठ्या जमीनदारांना नमुनेदार शेतवाडी बांधण्याचे जणू वेडच लागले होते. राणीचे यजमान प्रिन्स अल्बर्ट यांनी विंडसर येथे अशा शेतवाड्या उभारल्या, आणि १८५८ मध्ये तेथेच फ्रॉगमोरचे राजघराण्याचे दुग्धालय झाले. जॉन थॉमस याने रेखाटलेल्या त्या दुग्धालयाच्या भिंती मिंटनच्या रंगीत चिनी मातीच्या फरश्यांनी मढविलेल्या आहेत. दुधाची भांडी ठेवण्याची जागा एखाद्या देवघरासारखी शोभिवंत!

पण शोभेकडे पाहून फसू नये. या इमारतींच्या रचनेमागे एकच विवंचना होती आणि ती शेणाची होती. इंग्लंडात हिवाळाभर गुरे आत बांधावी लागतात. खाली पेंढा पसरावा, गुरांनी तो तुडवावा, शेणामुतात मुरवावा आणि वसंतात ते खत शेतात न्यावे, हा क्रम. पावसाच्या पाण्याने त्या उघड्या अंगणातील खताचा कस धुऊन जातो, हे रसायनशास्त्राने दाखवून दिल्यावर अंगणावर छप्पर घालण्याची टूम निघाली. व्हिक्टोरियन शेतवाडीतील ती प्रचंड छपरे गुरांच्या सुखाकरिता थोडी आणि उकिरड्याच्या रक्षणाकरिता अधिक होती. काही ठिकाणी गुरांसाठी खोलगट खण काढीत. जनावर महिनोन् महिने आपल्याच तुडविलेल्या पेंढ्यावर उभे राही आणि खताबरोबर तेही हळूहळू वर चढत जाई.

एसेक्स परगण्यातील टिपट्री येथला जॉन मेची याची तऱ्हा याहून निराळी. हा गृहस्थ मूळचा वस्तऱ्याला धार लावण्याचे पट्टे विकून श्रीमंत झालेला. त्याने गोठ्याच्या जमिनीला फटी ठेवून फळ्या बसविल्या, खाली साठणारे द्रव खत वाफेच्या यंत्राने लोखंडी नळांतून शेतांवर फवारले आणि दुरून दुरून लोक ते पाहावयास येऊ लागले. १८८० मध्ये तो वारला तेव्हा त्याचे व्यवहार दिवाळखोरीत निघालेले होते. त्या फळ्यांचा खर्च त्या खताने भरून निघाला नाही, एवढाच याचा अर्थ.

गोठ्याच्या जमिनीचा प्रश्न पुढे शेतीकडून आरोग्याकडे गेला. १८६५ मध्ये इंग्लंडात बुळकांडीची साथ आली आणि लंडन शहरातील गोठेच्या गोठे ओस पडले. शहराला दूध पुरविणारे गोठे किती अंधारे व कोंदट असतात याची चर्चा त्यापुढे वाढत गेली. १८८५ मध्ये दुग्धालये, गोठे व दुधाची दुकाने यांविषयी एक सरकारी हुकूम निघाला आणि गोठ्यात उजेड, वारा, पाणी व निचरा असावा हे कायद्याचे बोलणे झाले. आता गोठ्याची जमीन पक्की हवी, निळसर कठीण विटांची किंवा दगडाची. तिला उतार हवा, उताराच्या टोकाला नाली हवी आणि रोज पाण्याने सारे धुऊन निघावयास हवे. व्हिक्टोरियन गोठ्याचे हे शेवटचे रूप. हिंदुस्थानात आले ते हेच.

ते आले लष्कराबरोबर. १ फेब्रुवारी १८८९ रोजी अलाहाबादेस पहिले लष्करी दुग्धालय निघाले. गोऱ्या पलटणींना निर्भेळ दूध मिळावे हा हेतू. त्याच वर्षी पुण्यास गुरांच्या रोगांच्या अभ्यासासाठी सरकारी प्रयोगशाळा सुरू झाली, ती पुढे हिमालयात मुक्तेश्वरला गेली. लष्करी दुग्धालये मात्र छावणीमागून छावणी पसरत गेली. १९४७ मध्ये देशात अशी १३० फार्मे आणि तीस हजार जनावरे होती. पीथमपुरला येताना मागे टाकलेली महूची छावणी १८१८ची. तेथेही असे मिलिटरी फार्म होते. दुधाची सायकल घेऊन येणाऱ्या गवळ्याच्या आणि फार्मच्या दुधाच्या दाटपणाची तुलना महूच्या मराठी घरांत वर्षानुवर्षे चालली असेल, हे सांगावयास नको. ३१ मार्च २०२१ रोजी देशातील ही सर्व फार्मे रीतसर मिटविण्यात आली. एकशे बत्तीस वर्षांचा व्यवहार. जनावरे इतर संस्थांकडे गेली; इमारतींचे काय करावे हा प्रश्न तोफखान्याच्या जुन्या बराकींविषयी जितका आस्थेने विचारला जातो तितका गोठ्यांविषयी विचारला जात नाही.

आपल्या संस्थानी शहरांनी तरी जनावरांच्या इमारतींचे काय केले? नावे तेवढी ठेवली. इंदुरात पागनीसपागा आहे, पण पागा नाही. हाथीपाला आहे, हत्ती नाही. ग्वालटोलीत गवळी शोधावे लागतात. ज्या पवार-होळकरांच्या घोड्यांनी आपल्या पूर्वजांना नर्मदेच्या पलीकडे आणले, त्यांच्या बांधण्याच्या जागेची ही गत. मग दारच्या गाईबैलांना कोण विचारतो!

आणि तरीही माळव्यातून जी एक गोष्ट साऱ्या जगात गेली आणि जिच्याबरोबर इंदूरचे नाव लागले, ती राजवाड्यातून निघालेली नाही, गोठ्यातून निघाली आहे. येथे वाचकांना थोडे थांबवावेसे वाटते, कारण इंदुरात जन्म काढलेल्या सुशिक्षित मंडळींनाही हे ठाऊक नसते असा आमचा अनुभव आहे.

अल्बर्ट हॉवर्ड हे १८७३ मध्ये इंग्लंडातील श्रॉपशायर परगण्यात एका शेतकऱ्याच्या घरी जन्मले. म्हणजे वर सांगितलेल्या व्हिक्टोरियन शेतवाडीच्या अंगणातच त्यांचे बालपण गेले. १९०५ मध्ये ते बिहारात पुसा येथे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आले. १९२४ मध्ये होळकर दरबारने दिलेल्या जमिनीवर, कापसाच्या मध्यवर्ती समितीच्या आणि मध्य भारतातील संस्थानांच्या साहाय्याने इंदुरात वनस्पती-उद्योग संस्था निघाली, तिचे ते संचालक झाले. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल याही वनस्पतिशास्त्रज्ञ; उभयतांनी मिळून काम केले. कापसाच्या सुधारणेसाठी स्थापिलेल्या त्या संस्थेत हॉवर्ड यांचे लक्ष वळले ते शेतातल्या केरकचऱ्याकडे आणि बैलांच्या गोठ्याकडे.

त्या गोठ्याचे वर्णन त्यांनीच लिहून ठेवले आहे. गोठा चाळीस बैलांचा. त्याच्या लगत खताचे तेहतीस खड्डे, प्रत्येक तीस फूट लांब, चौदा फूट रुंद आणि दोन फूट खोल, कडा उतरत्या. ओळींमधून भरलेली गाडी सहज जावी एवढी वाट. आणि गोठ्याची जमीन? विटांची नाही, दगडाची नाही. मातीची. पक्क्या जमिनीवर जनावराला नीट विसावा मिळत नाही, मातीवर ते उबेत राहते आणि सुखाने बसते, हे एक कारण. दुसरे कारण असे की जनावराच्या मूत्रात नत्राचा मोठा वाटा असतो आणि बहुतेक सारा पालाश असतो. पक्क्या जमिनीवरून तो नालीत वाहून जातो, माती मात्र तो पिऊन घेते. दर तीन-चार महिन्यांनी सहा इंचांपर्यंतची माती खणून काढावयाची आणि तिच्या जागी नवी भरावयाची. काढलेली माती बारीक करून साठविण्यासाठी गोठ्यातच एक कोठी केलेली होती.

बैलांखाली रोज शेतातला पालापाचोळा अंथरावयाचा. कापसाच्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुराट्या अशा नुसत्या कुजत नाहीत. म्हणून त्या शेतातल्या रस्त्यावर पसरून ठेवीत आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली त्यांचा भुगा होऊ देत. ही युक्ती आम्हांला फार आवडते. यंत्र नाही, मजुरी नाही, बैलगाडी जाणारच आहे तर तिच्याकडून काम करून घ्यावे. मग अंथरलेला पाला, शेण, ती मूत्रमाती आणि थोडी राख यांचे थर खड्ड्यात घालावे, पाणी शिंपडावे, तीन वेळा उलथापालथ करावी. तीन महिन्यांत काळेभोर, भुसभुशीत खत तयार. चीनमधील शेतकऱ्यांच्या रीतींचा हॉवर्ड यांनी अभ्यास केला होता, पुसा येथला अनुभव होता, आणि भोवताली माळव्याचा शेतकरी होताच. सगळे जुळून आले ते या गोठ्यात.

इंग्लंडने पन्नास वर्षे खपून गोठ्याची जमीन पक्की केली, धुतली, तिचा निचरा केला. आणि त्याच इंग्लंडातल्या शेतकऱ्याच्या मुलाने इंदुरात येऊन ती उखडून पुन्हा मातीची केली. दुधाच्या गोठ्याला पक्की जमीन बरी, हे आम्हीही मानतो. रोगाचे भय खरे आहे. आपल्या खाद्यावर पोसलेले बैल रोगी जनावरांशी नाक घासूनही आजारी पडत नाहीत, असे हॉवर्ड पुढे लिहीत, ते मात्र शास्त्रज्ञांनी पुरावा म्हणून स्वीकारले नाही. पण बैलांच्या गोठ्याविषयी त्यांनी घातलेला हिशेब चोख होता.

१९३१ मध्ये ऑक्सफर्डच्या छापखान्याकडून या कामाचे पुस्तक निघाले, शेतीतील टाकाऊ पदार्थांचे खत कसे करावे या विषयावरचे. त्याच्या मुखपृष्ठावर दोन नावे आहेत. एक हॉवर्ड यांचे, दुसरे यशवंत वाड यांचे. दुसऱ्या नावाची आठवण आपल्या मंडळींनी ठेवावयास हवी होती. हॉवर्ड त्याच वर्षी इंदूर सोडून गेले, १९३४ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली, आणि सेंद्रिय शेतीच्या साऱ्या जगात त्यांचे नाव झाले. वाड येथेच राहिले, आणि १९३४ मध्ये जॅक्सन यांच्यासह त्यांनी वस्तीतील मैला व केर यांचे याच रीतीने खत कसे करावे यावर लिहिले. एप्रिल १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदुरात आलेले महात्मा गांधी ही खतशाळा पाहून गेले. तोवर 'इंदूर पद्धत' हे नाव चहाच्या मळ्यांपासून आफ्रिकेतील कॉफीच्या बागांपर्यंत पोहोचलेले होते.

संस्थेच्या जागी १९५९ पासून शेतकी महाविद्यालय आहे. त्या काळी गावाबाहेर असलेली ती जमीन आज शहराच्या पोटात आली आहे, आणि शहराच्या पोटातली मोकळी जमीन म्हणजे काय हे वाचक जाणतातच. तिचा काही भाग अन्य कामांसाठी घेण्याचे घाटत होते, तेव्हा २०२२ मध्ये तेथले विद्यार्थी आंदोलनास बसले. इमारत वाचो न वाचो, त्या गोठ्याचे एक भाग्य असे की त्याची मापे पुस्तकात छापलेली आहेत. उद्या कोणी म्हटले तर तो फुटाफुटाने पुन्हा उभा करता येईल.

टाकाऊ पदार्थांच्या गोष्टीला पीथमपुरात दुसरीही एक बाजू आहे, ती येथून जाताना मनातून काढू म्हटले तरी निघत नाही. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातला ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५ च्या आरंभी बारा बंद वाहनांतून येथे आणला गेला. गावात मोठा विरोध झाला. न्यायालयाच्या देखरेखीखाली तो टप्प्याटप्प्याने जाळण्यात आला आणि जूनअखेर ते काम संपले. नव्वद वर्षांपूर्वी येथून तासाभराच्या वाटेवर दोन माणसे असे लिहीत होती की शेतात टाकाऊ असे काही नसतेच.

घाटाबिल्लोदला चंबळ ओलांडली की हवा बदलते. काळी जमीन, गहू काढून मोकळी झालेली शेते, मधूनच कवेलूंची छपरे. धारमध्ये आम्ही उतरलो ते एका जुन्या स्नेह्यांच्या वाड्यात. मालकी आता पुतण्याकडे आहे, राहतात त्याच्या काकू, वय ऐंशीच्या पुढे. वाड्यामागे गोठा आहे आणि पावसाळ्यापूर्वी तो पाडून तेथे दोन मोटारी ठेवण्याची सोय करावयाची आहे. पुतण्याचे काही चुकते असे आम्हांला वाटत नाही. गाय जाऊन अठरा वर्षे झाली, गल्लीत गाडी ठेवावयास जागा नाही, आणि रिकाम्या गोठ्याचे छप्पर दर पावसाळ्यात शाकारणे हा खर्चच आहे. आम्ही फक्त एक दिवस मागितला आणि मोजपट्टी काढली.

आत अर्धा क्षण काही दिसत नाही, मग हळूहळू दिसू लागते. काळ्या दगडाचा कमरेएवढा पाया, वर मातीची भिंत, सागाचे चार खांब. आठ जनावरांची जागा. एका बाजूने लांबच लांब गव्हाण, तिची कड जनावरांच्या मानांनी घासून काचेसारखी गुळगुळीत झालेली. भिंतीत दिव्याचे दोन कोनाडे, त्यांच्यावर काजळीची जीभ. वर कडब्याचा माळा, आणि माळ्याला थेट गव्हाणीवर उघडणारे एक भोक, म्हणजे वैरण वरूनच खाली ढकलता यावी. विंडसरच्या शेतवाडीत याच कामाला लोखंडी रूळ घातले असते. वसुबारशीला येथेच पूजा होई. आता ती दिवाणखान्यात चांदीच्या गाय-वासराची होते.

जमीन मात्र दोन प्रकारची निघाली. दाराकडच्या तीन जागांना शहाबादी फरशी, पुढच्या पाचांना माती. आम्ही विचारले तेव्हा काकू दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या.

"ती फरशी यांनी घातली होती," त्या म्हणाल्या. 'हे' म्हणजे त्यांचे दिवंगत यजमान. "कोणीतरी सांगितलं, स्वच्छ राहतं म्हणून. तीन ठाणी झाली आणि ढवळी घसरून पडली. त्यानंतर ती फरशीवर बसायलाच तयार नाही, रात्रभर उभी. मग मी म्हटलं, पुरे झालं, बाकीचं राहू द्या जसं आहे तसं."

"आणि मातीचं काय करायचे?"

"काय करायचे म्हणजे? मृगाच्या आधी गडी उकरून काढायचा, नवी टाकायचा. जुनी शेतावर जायची. सासूबाई म्हणायच्या, गोठ्याची माती विकू नये. मागायला लोक यायचे, बरं का! तुम्ही आज एवढं मोजून राहिलात, तेव्हा कोणी मोजलं नाही."

पुतण्याने पट्टीचे दुसरे टोक धरले. लांबी एकतीस फूट, रुंदी चौदा, गव्हाणीची उंची पावणेदोन. आत जमिनीचा उतार सहज दिसत नव्हता. पाण्याची नळी धरून पाहिले तेव्हा दारापासून आतल्या टोकापर्यंत तीन इंच निघाला. मातीच्या भागात आम्ही वीतभर खणले. खाली काळी, घट्ट आणि अजून किंचित ओलसर वाटणारी माती लागली, तिला वास नव्हता. पुतण्याने ती चिमटीत घेऊन चुरडून पाहिली आणि काही न बोलता परसातल्या लिंबाच्या आळ्यात नेऊन टाकली.

दुपारपर्यंत कागदावर आराखडा उतरला. खुंट्यांच्या जागी आम्ही एक ते आठ आकडे घातले होते. काकूंनी चष्मा लावून कागद जवळ घेतला आणि बोटाने एकेक आकडा दाखवीत तेथे कोण बांधले जाई ते सांगावयास सुरुवात केली. एकवर ढवळी, दोनवर तिची पाडी, तीन आणि चारवर शेतावरची जोडी, सर्जा आणि रतन; पाचवर म्हैस, तिला नाव नव्हते, म्हैसच म्हणत; सहावर कपिला, सातवर पाहुण्यांच्या बैलगाडीचे बैल आळीपाळीने. आम्ही आकड्यांपुढे नावे लिहीत गेलो. आठवा खुंटा कोणाचा, ते मात्र त्यांना काही केल्या आठवेना. देवासला धाकट्या वन्सं आहेत, त्या लहानपणी गोठ्यातच असायच्या, त्यांना विचारून फोन करते, असे म्हणाल्या.